पूर्ण वेढा की पाऊण वेढा?

रोज सकाळी चहाच्या अर्धा तास आधी आम्ल कमी करणारी पँटोप्राझोलची गोळी घेऊन आणि पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून मी नऊ वर्षे काढली, तरी रात्री घशाशी आंबट पाणी येणे थांबेना, तेव्हा दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करून घेण्याचे ठरवले. एंडोस्कोपी, अन्ननलिकेत किती आम्ल चढते ते पाहणारी चोवीस तासांची पीएच तपासणी आणि अन्ननलिकेच्या स्नायूंचा दाब मोजणारी मॅनोमेट्री आटोपून जो वाचक या टप्प्यावर आला आहे, त्याच्यासमोरही माझ्यासारखाच प्रश्न असणार: आम्ल वर चढू नये म्हणून जठराच्या वरच्या भागाचा अन्ननलिकेभोवती ३६० अंशांचा पूर्ण वेढा घालून घ्यायचा, की मागच्या बाजूने २७० अंशांचा, म्हणजे पाऊण? पहिली पद्धत रुडॉल्फ निस्सेन यांची, १९५६ साली प्रसिद्ध झालेली; दुसरी आंद्रे टूपे यांची, १९६३ सालची. पोटावरची छिद्रे, हर्नियाची (जठराचा वरचा भाग छातीकडे सरकलेला असल्यास त्याची) दुरुस्ती आणि रुग्णालयातला मुक्काम यांत सांगण्यासारखा फरक नाही. मॅनोमेट्रीत अन्ननलिकेच्या घास खाली ढकलणाऱ्या लाटा दुबळ्या दिसल्या, तर बहुतेक शल्यविशारद टूपेच सुचवतात. माझा अहवाल चांगला होता, त्यामुळे डॉक्टरांनी निवड माझ्यावर सोपवली.

निस्सेनची बाजू मला घरातच पाहायला मिळाली होती. माझ्या थोरल्या मेहुण्यांनी ती चार वर्षांपूर्वी करून घेतली आणि जळजळीपुरते बोलायचे तर त्यांचा निकाल माझ्यापेक्षा उजवा आहे: मिसळ खाऊन ते तासाभरात आडवे होऊ शकतात, आणि गोळीचे पाकीट घरात कुठे आहे हेही त्यांना आठवत नाही.

त्यांना ढेकर मात्र येत नाही. वाचताना ही तक्रार क्षुल्लक वाटेल. मलाही वाटली होती. पण गिळलेल्या हवेला वर येण्याची वाट पूर्ण वेढ्याने बंद झाली की ती जठरात साठते आणि उरलेली आतड्यांकडे जाते. शिवाय वर्षानुवर्षे जळजळ सोसलेल्या माणसाला वारंवार आवंढा गिळण्याची, म्हणजे हवाही गिळण्याची, सवय लागलेली असते. गौरीजेवणाच्या दिवशी पंगत उठली आणि सगळे ढेकर देत पानाच्या तबकाकडे वळले, तेव्हा मेहुणे अंगणात पोटावर हात ठेवून फेऱ्या मारत होते. चेहऱ्यावर दुखणे नव्हते, नुसती कोंडी होती. एकदा बाहेरचे खाणे बाधले, तेव्हा त्यांना उलटीही होईना, रात्रभर कोरडे उमाळे येत राहिले. हा त्रास बहुतेकांचा काही महिन्यांत उतरतो असे सांगतात, आणि ते खरेही असेल. त्यांचा पुरता उतरला नाही, एवढेच मी पाहिले.

मी टूपे निवडली. पहिले काही आठवडे पेज, मुगाचे कढण आणि मऊ भात यांवर गेले. घास छातीशी अडकल्यासारखा वाटणे मलाही चुकले नाही, पण मेहुण्यांना भाकरी गिळायला तीन महिने लागले होते, मला सहा आठवडे. अठराव्या दिवशी ताक पिऊन उठलो आणि एक लहानसा ढेकर आला; स्वयंपाकघरातून सौभाग्यवतींनी विचारले, "आला का?" पोटाचे मोजमाप आम्ही एवढेच केले.

याची किंमत पडते, हे नाकारत नाही. भरपेट जेवून लगेच वाकलो, तर महिन्यातून एक-दोनदा घशाशी आंबट चव येते आणि त्या दिवशी गोळी घ्यावी लागते. दोन्ही पद्धतींची तुलना करणाऱ्या चाचण्यांत जळजळीवरचा ताबा साधारण सारखा आणि गिळण्याचा व पोटफुगीचा त्रास टूपेत कमी आढळला आहे, तेव्हा माझा हा अनुभव सर्वांचाच असेल असे नाही. कायमची सुटका मात्र कोणत्याच पद्धतीत गृहीत धरू नये: २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील पाहणीत अशा शस्त्रक्रिया झालेल्या २,६५५ रुग्णांपैकी १७.७ टक्के जणांचा त्रास परतला होता.

तुमच्या शल्यविशारदांचा हात निस्सेनवर बसलेला असेल आणि टूपे ते क्वचितच करत असतील, तर माझ्या आवडीखातर त्यांना आग्रह करू नका. दोन्ही सारख्याच सफाईने करणारे भेटले असतील, तर जेवणानंतर आपल्याला किती ढेकर येतात, हे आठवडाभर मोजून मग त्यांच्याकडे जा.