मांडी वाढवायची की नडगी? फक्त गुडघ्याच्या वाटीपुरतं बोलू

मावसभाऊ उंची वाढवायच्या ऑपरेशनच्या मागे लागलाय आणि मांडी की नडगी यात अडकलाय, सेंटरवाले काय गोड बोलतात ते सोडा, वाटीचं काय होतं ते बघू.

मांडीचं हाड कापून रोज साधारण १ मिमी ताणतात पण स्नायू तेवढे पटकन लांबत नाहीत, मांडीचा पुढचा स्नायू (क्वाड्रिसेप्स) आणि बाहेरच्या बाजूचा पट्टा आवळतो, मग गुडघा वाकत नाही आणि वाटी बाहेरच्या बाजूला सरकू शकते. हाड ताणायला बाहेरची फ्रेम असेल तर पिना मांडीच्या स्नायूतूनच जातात, म्हणजे अजून त्रास. फ्रेमऐवजी हाडाच्या आत ताणणारा रॉड खुब्याकडून टाकला तर गुडघा उघडावा तरी लागत नाही.

नडगीत हाड कुठे कापलं यावर सगळं. वाटीचा टेंडन (वाटीला नडगीशी जोडणारा दोर) जिथे चिकटतो त्या उंचवट्याच्या वर कापलं तर वाटी खाली ओढली जाते, म्हणून सहसा खालीच कापतात. पण रॉड टेंडनच्या तिथूनच आत जातो, मांडी घालून बसताना किंवा गुडघे टेकताना दुखू शकतं. हाडही हळू भरतं, पोटरी आखडून टाच उचलली जाते ते वेगळंच.

वाटी आधीच सरकत असेल तर मांडीच्या आधी दहादा विचार कर. खाली बसायचं, गुडघे टेकायचं काम असेल तर नडगी नको. आणि रोज फिजिओ जमणार नसेल तर दोन्ही नको रे बाबा.