नऊ महिन्यांत बग्गी चार वेळा चालूच झाली नाही: वापरानंतरचा अनुभव

जुलैमध्ये एके सकाळी आम्ही सहा जण बग्गीला, म्हणजे शेतात माल वाहायच्या आमच्या छोट्या चारचाकी गाडीला, धक्का मारत होतो. शेताच्या वरच्या बांधापासून खाली ओढ्यापर्यंत चांगला उतार आहे. पाऊस घटकाभर उघडला होता, आणि गड्यांची खात्री होती की उताराला गियर टाकला की गाडी पकडणारच. आबा छत्री मिटून बाजूला उभे. गाडी सुसाट खाली गेली, ओढ्याच्या चिखलात रुतून थांबली आणि इंजिन गप्प ते गप्पच. वर आणायला ट्रॅक्टर लावावा लागला.

रात्री सोबत आलेली पुस्तिका उघडली तेव्हा आमच्या अकलेचा उजेड पडला. या गाडीत सीव्हीटी असते, म्हणजे दोन पुल्या आणि त्यांच्यावर एक बेल्ट. इंजिन स्वतः फिरून वेग घेत नाही तोवर पुढची पुली बेल्टला धरतच नाही. चाकं कितीही फिरवा, इंजिनापर्यंत काही पोचत नाही. बिनगियरच्या स्कूटरला कुणी धक्का मारून चालू करतं का? तोच प्रकार. हे आधी माहीत असतं तर सहा माणसांची सकाळ वाचली असती.

आमचं शेत जावळी तालुक्यात, मेढ्याच्या वरच्या अंगाला. जांभ्याची लाल माती, टप्प्याटप्प्यांची शेती आणि दीड एकर स्ट्रॉबेरी. तोडणी सुरू झाली की क्रेट डोक्यावरून रस्त्यापर्यंत आणण्यातच निम्मा दिवस जातो. ट्रॅक्टर बांधावरून वळत नाही, आणि दुचाकीवर चारपेक्षा जास्त क्रेट बसत नाहीत. म्हणून मागच्या दिवाळीनंतर ही दोन सीटची, मागे हौदा असलेली जुनी बग्गी घेतली. एका सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, ईएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पेट्रोल सोडणारं), फोर व्हील म्हणजे चारही चाकांना जोर. रस्त्यासाठी पासिंग नाही, त्यामुळे टेम्पोत घालून आणली आणि तेव्हापासून ती शेताबाहेर गेलेली नाही. कंपनीचं नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण खाली जे सांगतोय त्यातलं बरंचसं आमच्या हातचं आहे.

कामाला गाडी वाघ आहे. डिसेंबर ते मार्च रोज सात-आठ फेऱ्या केल्या. ओल्या चढावर भरलेला हौदा घेऊन जिथे ट्रॅक्टरचं चाक फिरतं, तिथून ही निमूट वर येते. पेट्रोल जरा जास्त पिते आणि हेडलाइट मिणमिणते आहेत, बाकी तक्रार नाही. तक्रार एकच, आणि ती चावी फिरवल्यावरची.

पहिल्यांदा बंद पडली ती आणल्यावर तिसऱ्याच दिवशी. चावी फिरवली, मीटरवर दिवे लागले, सेल्फ मारला तर काहीच नाही. टिक नाही, टुक नाही. विकणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "दादा, ब्रेकवर पाय आहे का?" नव्हता. या मॉडेलमध्ये गियर न्यूट्रलला आणि ब्रेक दाबलेला असल्याशिवाय सेल्फला करंटच जात नाही. आजही कुणी नवा माणूस बसला की हेच होतं. यात एक खूण उपयोगी पडते. ब्रेक दाबल्यावर मागचा लाल दिवा लागतो का बघायचं. पाय दाबूनही दिवा लागत नसेल तर पेडलजवळचा ब्रेकचा स्विच चिखलाने अडकलेला असतो. बोटाने दोनदा दाबून सोडला की बऱ्याचदा मोकळा होतो.

फेब्रुवारीत दुसरी वेळ. या वेळी आवाज होता, टकटकटकटक, शिवणयंत्रासारखा. असा आवाज म्हणजे बॅटरी उतरलेली. दोन दिवस गाडी उभी होती, तेवढ्यात बॅटरी का उतरावी, हे मात्र कळेना. पुतण्याने हौसेने दोन फॉग लाइट लावले होते, आणि त्यांचा एक कंट्रोलर थेट बॅटरीवरून घेतला होता, चावीवरून नाही. दिवे बंद असले तरी तो अर्धा अँपिअर खात होता. वीस अँपिअर-तासाची बॅटरी, आणि अर्धा अँपिअर रात्रंदिवस. चाळीस तासांत ती कोरडी. वायर चावीच्या पुढे घेतली, प्रश्न मिटला. पुतण्याशी दोन दिवस अबोला होता, तो वेगळा विषय.

आता जुलैचं सांगतो, कारण खरा धडा तिथे मिळाला.

या वेळी शिवणयंत्र नव्हतं. सेल्फ मारला की एकच जड 'ठक', इंजिन एकदा कण्हायचं आणि थांबायचं. धक्क्याचा तमाशा झाल्यावर मी सरळ नवी बॅटरी आणली, साडेतीन हजारांची. बसवली. 'ठक'. डीलरला फोन केला तर, "सेल्फ मोटर गेली असणार, पुण्याला घेऊन या." इथून पुण्याला न्यायची म्हणजे टेम्पोचं भाडं, वर पंधरा दिवसांची वाट.

मेढ्यातला मिस्त्री पाऊस कमी झाल्यावर आला. पन्नाशीचा माणूस, आयुष्य जीप आणि ट्रॅक्टरमध्ये गेलेलं, ही असली गाडी पहिल्यांदाच बघत होता. पाना बाहेर काढायच्या आधी म्हणाला, "मारा सेल्फ. मी नुसतं ऐकतो." तीनदा ऐकलं. मग मल्टिमीटर घेतला. बॅटरीवर १२.६ व्होल्ट. सेल्फ मारतानाही १२ च्या खाली फारसा येईना.

"बॅटरी बेस हाय," तो म्हणाला. "करंट पुढं जातच न्हाई. गेला असता तर काटा असा उभा ऱ्हायला असता का?"

मग त्याने मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर टेकवली आणि लाल पिन इंजिनाच्या उघड्या बोल्टवर. "मारा." मीटरवर जवळजवळ चार व्होल्ट. हा आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत असायला हवा. म्हणजे बॅटरीचा बारापैकी चार व्होल्टचा जोर परतीच्या वाटेवरच मुरत होता. सीट उचलून त्याने अर्थिंगची जाड वायर शोधली. ती चॅसिसला जिथे बोल्टने कसलेली होती तिथे लाल चिखलाचा थर साचलेला. तो खरवडला तर आत थिंबळाच्या, म्हणजे वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीच्या, भोवती हिरवट-पांढरी पूड. बोल्ट दोन बोटांनी फिरला. खालचा रंगसुद्धा खरवडलेला नव्हता. वायर नुसत्या बोल्टच्या आट्यांवर भागवत होती, आणि आट्या गंजल्या तशी तीही वाट बंद झाली.

कानस, पॉलिश पेपर, नवं थिंबळ, रंग काढून उघडं केलेलं लोखंड, कसून आवळलेला बोल्ट आणि वरून व्हॅसलिनचा हात. पाऊण तास. तीनशे रुपये. पहिल्या टिचकीला गाडी उठली. जुनी बॅटरी ठणठणीत होती, ती आता फवारणीच्या पंपाला लावली आहे. तेवढं तरी सुख.

चिखल तिथे गेला कसा? मीच घातला. फवारणीच्या एचटीपी पंपाने मी गाडी धुवायचो, सीटखाली जोरात पाणी मारून. पाणी जातं तिथे लाल माती जाते. आता सीटखाली फडकं आणि ब्रश, बस.

चौथी वेळ ऑगस्टमध्ये. सेल्फ झकास फिरतो, गाडी पकडत नाही. तोवर आम्ही ऐकायला शिकलो होतो. चावी ऑन केली की मागून दोन-तीन सेकंद 'घूंऽऽ' असा पेट्रोल पंपाचा आवाज यायला हवा. तो नव्हता. आधी मला पेट्रोलवरच संशय, कारण सध्या सगळीकडे ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, मिळतं. पुस्तिकेत इथेनॉल दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको असं छापलंय, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं हे खरंच. काचेच्या बरणीत थोडं काढून रात्रभर ठेवलं. पाणी वेगळं झालं असतं तर खाली थर दिसला असता. दिसला नाही. म्हणजे दोष पाण्याचा नव्हता. फ्यूज बघितला, ठीक. त्याच डब्यात फॅनचा रिले (करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच) पंपाच्या रिलेसारखाच होता, तो पंपाच्या जागी घालून बघितला, तरी आवाज नाही. शेवटी हौद्याखाली हात घातला तर वायर कुरतडलेली, आणि बाजूला उंदराने रचलेला गवताचा बिछाना. पावसाळ्यात इंजिनाची ऊब त्यालाही हवीच असणार. वायर जोडून टेप मारली. डांबराच्या गोळ्या ठेवून बघितल्या, उंदराला काही फरक पडला नाही. शेजाऱ्याची मांजर रात्री शेडमध्ये झोपायला लागली, तेव्हापासून शांतता आहे.

एवढ्यात कुणी विचारलं की घ्यावी का, तर डोंगराच्या शेतीला घ्या म्हणेन, पण साताऱ्या-वाईत सर्व्हिस मिळेल या भरवशावर नको. साधा रिले मागवला तर बारा दिवसांनी आला. एक चांगला मल्टिमीटर गाडीबरोबरच घ्या, सहाशे रुपयांत येतो. अर्थिंगचे सगळे बोल्ट पावसाच्या आधी उघडून बघा. आणि दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून वायरीने जंप देऊन चालू करणार असाल तर शेवटची निगेटिव्हची चिमटी बंद गाडीच्या बॅटरीवर लावू नका, तिच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडावर लावा. बॅटरीजवळ ठिणगी नको.

सकाळी चावी आता आबाच फिरवतात. 'घूंऽऽ' ऐकतात, मान डोलावतात, मग मला हाक मारतात. चढावर बेल्टचा बारीक चीं आवाज यायला लागलाय, बहुतेक बेल्टच्या डब्यात पाणी गेलंय. रविवारी झाकण उघडून बघणार आहे.