दहा महिने, एक पास आणि घळींचा मुलूख: वापरानंतरचा अनुभव

गेल्या वर्षी, म्हणजे मार्च २०२५ मध्ये, आम्ही ८० डॉलरला अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास घेतला. राहायला फिनिक्सला, त्यामुळे अ‍ॅरिझोना, युटा आणि कोलोरॅडोचा नैर्ऋत्य कोपरा हा सगळा लाल घळींचा मुलूख एका दिवसाच्या गाडीप्रवासात येतो. दहा महिन्यांत पास भरपूर वापरला. मे ते ऑक्टोबर आई-बाबाही इथे होते. ‘पास घ्यावा का?’ असं ओळखीचे बरेच जण विचारतात, म्हणून हे सविस्तर.

आधी पैशांचं. पास नसता तर गाडीमागे कॅपिटल रीफला २०, आर्चेस आणि कॅन्यनलँड्सला ३०-३०, झायन आणि ब्राइसला ३५-३५, मेसा व्हर्डेला ३०, सनसेट क्रेटर-वुपाटकीला २५ आणि ग्रँड कॅन्यनला दोन वेळा ३५, असे २७५ डॉलर गेले असते. म्हणजे ८० डॉलर तिसऱ्या फाटकावरच वसूल झाले. कार्डामागे सही करायची, फाटकावर कार्डासोबत फोटो असलेलं ओळखपत्र दाखवायचं, की गाडीतल्या सगळ्यांना प्रवेश. मार्चमध्ये घेतलेला पास पुढच्या मार्चच्या शेवटच्या तारखेपर्यंत चालतो. म्हणून महिन्याच्या सुरुवातीला घेतलेला बरा.

पण पैसे वाचतात म्हणून मी हा पास घ्या म्हणणार नाही. माझ्यासाठी त्याची खरी किंमत वुपाटकी या जुन्या वस्तीच्या अवशेषांपाशी कळली.

जूनमध्ये फ्लॅगस्टाफकडे परत येताना हातात जेमतेम दीड तास होता. तेवढ्यासाठी २५ डॉलर मोजून आत जायला मन धजावलं नसतं. पास होता म्हणून गाडी वळवली. उघड्या माळावर लाल दगडांचं जवळपास शंभर खोल्यांचं घर, आठ-नऊशे वर्षांपूर्वीचं. त्याच्या खालच्या अंगाला जमिनीत एक चौकोनी भोक आहे. आईने सहज त्यावर हात धरला आणि दचकून मागे घेतला. भोकातून गार वारा येत होता, तोही असा की तिच्या पदराचं टोक वर उडालं. जमिनीखाली खडकांत भेगांचं मोठं जाळं आहे. बाहेरचा हवेचा दाब उतरला की आतली हवा बाहेर येते, दाब चढला की बाहेरची आत ओढली जाते. चाळिशीच्या उन्हात आई त्या भोकापाशी पंधरा मिनिटं बसून राहिली. ‘जमीन श्वास घेतेय गं,’ म्हणाली. संपूर्ण उन्हाळ्यातली तिची सगळ्यात आवडती जागा ही, ग्रँड कॅन्यन नव्हे.

आता तक्रारी. पासाबद्दलचा सर्वात मोठा गैरसमज म्हणजे तो सगळीकडे चालतो हा. तो फक्त केंद्र सरकारच्या जागांना चालतो. मॉन्युमेंट व्हॅली आणि अँटिलोप कॅन्यन नावाहो या इथल्या मूळ रहिवासी लोकांच्या ताब्यात आहेत, तिथे त्यांचं वेगळं तिकीट. डेड हॉर्स पॉइंट आणि गूसनेक्स ही युटा राज्याची उद्यानं, तिथलंही वेगळं. मला हे गैर वाटत नाही. ज्यांची जमीन त्यांना पैसे मिळालेच पाहिजेत. फक्त आधी माहीत हवं. मॉन्युमेंट व्हॅलीच्या फाटकावर माझ्या पुढच्या गाडीतले लोक पास पुढे करून बराच वेळ वाद घालत होते, ते पाहून वाईट वाटलं.

दुसरं, पासात तंबूची जागा येत नाही. कॅम्पग्राउंडचे पैसे वेगळे, आम्हाला रात्रीला २० ते ३० डॉलर पडले. आणि पैशांपेक्षा जागा मिळणं अवघड. ग्रँड कॅन्यनच्या मॅदर कॅम्पग्राउंडला तीनशेच्या वर जागा आहेत, तरी सहा महिने आधी आरक्षण उघडतं त्या सकाळीच चांगल्या तारखा संपतात. कॅपिटल रीफच्या फ्रुटाला जागा सत्तरेक, आर्चेसच्या डेव्हिल्स गार्डनला पन्नासेक. त्यामुळे माझा क्रम आता ठरलेला आहे: आधी तंबूची जागा, मग रजा, मग पास. आम्ही पहिल्या वेळी उलटं केलं आणि मार्चमधल्या दोन रात्री युटातल्या मोआब गावाजवळ सरकारी मोकळ्या जमिनीवर काढल्या. तिथे फुकट राहता येतं, पण पाणी नाही, शौचालय नाही, सगळं सोबत न्यायचं आणि सगळं सोबत परत आणायचं.

त्याच मुक्कामात तंबूचा धडा मिळाला. तंबूसोबत आलेल्या बोटभर खुंट्या काळ्या मातीत धरतील, इथल्या वाळूत नाही. रात्री अकराला वारा सुटला आणि एकेक खुंटी लोण्यातून सुरी निघावी तशी निघाली. पहाटेपर्यंत आम्ही दोघं तंबूच्या दोन कोपऱ्यांवर बसून होतो. नंतर हातभर लांबीच्या रुंद खुंट्या घेतल्या, आणि पाण्याचे भरलेले कॅन आतून कोपऱ्यांत ठेवायला लागलो. तेव्हापासून त्रास नाही.

या भागात जमिनीवर कुठेकुठे काळपट, खरबरीत, मुंगीच्या वारुळासारखा फुगलेला थर दिसतो. ती नुसती माती नाही, सूक्ष्म जीव, शेवाळं आणि दगडफुलाने विणलेली साय आहे. तीच वाळू धरून ठेवते, पावसाचं पाणी जिरवते. एक पाऊल पडलं तर ती भरून यायला वर्षानुवर्षं, कधी दशकं लागतात. कृपा करून पायवाट सोडू नका, फोटोसाठीही नाही.

कॅपिटल रीफला मार्चअखेर गेलो तेव्हा फ्रुटाच्या बागांत जर्दाळू मोहरले होते. दोन्ही बाजूंना तांबडे कडे, मधे नदी, आणि काठाला पांढरट-गुलाबी झाडं. मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या कुटुंबांनी १८८० च्या दशकात इथे वस्ती केली आणि या बागा लावल्या. वस्ती गेली, बागा उद्यानाने जपल्या. हंगामात बागेत बसून फळं खायला पैसे पडत नाहीत. घरी न्यायची तर तिथल्या काट्यावर वजन करून पैसे पेटीत टाकायचे. थोडं पुढे कड्यावर फ्रेमाँट या प्राचीन मूळ रहिवाशांनी कोरलेल्या आकृती आहेत, शिंगं असलेली माणसं आणि डोंगरी मेंढ्या.

एप्रिलमध्ये कॅन्यन डी शे. याला प्रवेश शुल्कच नाही. जागा राष्ट्रीय उद्यान खात्याच्या नकाशावर आहे, पण जमीन नावाहोंची आणि घळीच्या तळाशी आजही त्यांची शेतं, मेंढ्या, घरं. कड्यावरच्या ठिकाणांवरून आपले आपण बघता येतं, खाली जायला नावाहो वाटाड्या लागतो. आम्ही जीप ठरवली होती आणि वेळ चुकलो. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे करतात. अ‍ॅरिझोनात करत नाहीत, पण नावाहो प्रदेशात करतात. आमचे नऊ म्हणजे त्यांचे दहा. वाटाड्याने न रागावता दुपारी नेलं, हा त्याचा मोठेपणा. मार्च ते नोव्हेंबर या दिवसांत तिकडे जाणार असाल तर हे लक्षात ठेवा, फोनही कधी या बाजूची वेळ दाखवतो, कधी त्या.

खाली उतरल्यावर वाटाड्याने एका शेताच्या कडेला जीप थांबवली आणि पीचची चार झाडं दाखवली. १८६४ मध्ये किट कार्सन या सेनाधिकाऱ्याच्या मोहिमेत अमेरिकन सैन्याने या घळीतल्या पीचच्या बागा तोडल्या, धान्य जाळलं आणि लोकांना न्यू मेक्सिकोतल्या बॉस्क रेडोंडोपर्यंत शेकडो मैल पायी चालवलं. वाटेत आणि तिथल्या छावणीत कितीतरी माणसं मेली. १८६८ च्या करारानंतर उरलेले परत आले आणि त्यांनी पुन्हा झाडं लावली. हे सगळं तो झाडाच्या फांदीवर हात ठेवून सांगत होता. त्याआधी मी या घळींकडे फक्त देखावा म्हणून बघत होते. त्या दुपारनंतर तसं बघता आलं नाही.

मेच्या शेवटी आई-बाबांना घेऊन ग्रँड कॅन्यन. वर्णन करत नाही, फोटो सगळ्यांनी पाहिलेत. दोन गोष्टी मात्र सांगते. एक, यावापाईपासून निघणारी ‘ट्रेल ऑफ टाइम’ ही कड्याकडेची सपाट वाट. जमिनीत धातूच्या खुणा आहेत, एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं. बाबांनी विचारलं, ‘आपला सह्याद्री कुठे येतो?’ दख्खनचा बसाल्ट साधारण ६.६ कोटी वर्षांचा, म्हणजे सहासष्ट मीटरवर. ते मोजत गेले आणि तिथे उभे राहून फोटो काढून घेतला. घळीच्या सगळ्यात वरच्या चुनखडीसाठी मात्र पावणेतीनशे मीटरच्या आसपास जावं लागलं, आणि तळाच्या काळ्या खडकासाठी दीड किलोमीटरहून पुढे. वाटेवर खडकांचे नमुने मांडलेत, हात लावू देतात. त्या तळाच्या खडकाचं नाव विष्णू शिस्ट. घळीतल्या सुळक्यांना ब्रह्मा, विष्णू, शिव अशी नावं आहेत. एकोणिसाव्या शतकात क्लॅरेन्स डटन या भूवैज्ञानिकाने पूर्वेकडच्या देवतांची नावं द्यायची प्रथा पाडली. बाबांनी त्या खडकाला हात लावून नमस्कार केला.

दुसरी गोष्ट पाण्याची. ब्राइट एंजल वाटेने मी आणि नवरा दीड मैलावरच्या विश्रांतीघरापर्यंत उतरलो. उतरताना काहीच वाटलं नाही. चढताना नवऱ्याला मळमळायला लागलं, हात कापायला लागले. पाणी तो सारखं पीत होता, पण मिठाचा कण पोटात नव्हता. कोरड्या हवेत घाम दिसतच नाही, लगेच उडतो. सावलीत बसवलं, खारे शेंगदाणे आणि लिंबू-मीठ-साखरेचं पाणी दिलं, अर्ध्या तासाने तो सावरला. तेव्हापासून पाण्याबरोबर खारं काहीतरी असल्याशिवाय आम्ही पाऊलसुद्धा उतरत नाही. चढायला उतरण्याच्या दुप्पट वेळ धरा.

जुलैत नॉर्थ रिमला, म्हणजे ग्रँड कॅन्यनच्या उत्तर कड्यावर, जायचं होतं. मोठ्या मुश्किलीने आरक्षण मिळालं होतं. ४ जुलैला वीज पडून वणवा लागला, आणि १२-१३ तारखेच्या रात्री तिथलं १९३७ चं ग्रँड कॅन्यन लॉज जळून गेलं. नॉर्थ रिम उरलेल्या हंगामासाठी बंद झालं. मी ती इमारत कधी पाहिली नाही, तरी बातमी वाचून दिवसभर बेचैन होते.

मेसा व्हर्डेबद्दल थोडक्यात: कपारींत बांधलेली मोठी घरं आतून बघायची असतील तर रेंजरसोबतच्या फेरीचं वेगळं तिकीट लागतं, ते चौदा दिवस आधी मिळतं आणि पटकन संपतं. आम्हाला मिळालं नाही. संग्रहालयाजवळून समोरच्या कपारीतलं स्प्रूस ट्री हाउस पाहिलं. अजिंठा डोळ्यांपुढे होता, पण बाबा म्हणाले तेच खरं, ‘अजिंठा कोरलेला आहे, हे बांधलेलं आहे.’

आणि मग होवनवीप. युटा-कोलोरॅडो सीमेवर, जवळपास गाव नाही, प्रवेश फुकट, तंबूला तीसेक जागा. आम्ही २० सप्टेंबरला पोचलो, दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावास्या. इथली घळ लहानशी, उथळ. तिच्या माथ्याशी जिथे झरा पाझरतो तिथे साडेसातशे वर्षांपूर्वीचे दगडी बुरूज उभे आहेत, चौकोनी, गोल, इंग्रजी डी अक्षरासारखे. एक तर थेट एका मोठ्या धोंड्यावर बांधलाय. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, मूळचे माण तालुक्यातले. ते बुरुजांऐवजी ओहोळाकडे बघत होते. या लोकांनी वरच्या पठारावर ओहोळांना आडवे छोटे दगडी बांध घातले होते, माती आणि ओल अडवायला. ‘आपल्या ताली,’ बाबा म्हणाले. मग भिंतीजवळ वाकून, हात न लावता, सांध्यांत ठोकलेल्या बारीक चिपा कितीतरी वेळ दाखवत राहिले. तेराव्या शतकाच्या शेवटी, १२७६ पासून, वीसेक वर्षांचा मोठा दुष्काळ पडला आणि सगळे दक्षिणेकडे निघून गेले. होपी, झुनी आणि रिओ ग्रांदे नदीकाठचे प्वेब्लो हे आजचे मूळ रहिवासी लोक त्यांना आपले पूर्वज मानतात. म्हणून इथे भिंतीवर चढायचं नाही, खापराचा तुकडा उचलायचा नाही.

रात्री आईने केळीच्या पानाऐवजी कागदी ताटलीत भाजणीच्या थालीपिठाचा घास काढून दगडावर ठेवायला घेतला. प्राण्यांसाठी अन्न बाहेर ठेवायला बंदी आहे म्हटल्यावर तिने तो परत डब्यात ठेवला आणि नुसते हात जोडले. चंद्र नव्हताच. आकाशगंगा एका कड्यापासून दुसऱ्या कड्यापर्यंत आडवी पसरली होती, आणि बुरुजाने तिचा एक तुकडा झाकला होता.

झायन आणि ब्राइस नोव्हेंबरात उरकले. झायनच्या मुख्य घळीत वर्षातले बरेच महिने खासगी गाड्या नेऊ देत नाहीत, फुकट बस असते आणि ती उत्तम आहे. पण गर्दी फार. मला पुन्हा जायची घाई नाही.

आता दर बदललेत. १ जानेवारी २०२६ पासून ८० डॉलरचा पास अमेरिकेच्या रहिवाशांनाच. परदेशी पर्यटकांसाठी तो २५० डॉलर. पास नसलेल्या परदेशी पर्यटकाला अकरा मोठ्या उद्यानांत माणशी १०० डॉलर जास्तीचे, त्यांत ग्रँड कॅन्यन, झायन आणि ब्राइस आहेत. भारतातून फिरायला येणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा. फक्त एक ग्रँड कॅन्यन बघायचं असलं तरी दोघांना २०० डॉलर वरचे पडतात, आणखी एक मोठं उद्यान जोडलं तर पासच स्वस्त. आणि कॅन्यन डी शे, होवनवीप अजूनही फुकट आहेत.

आमचा पास ३१ मार्चला संपतोय. नवा १ एप्रिलला घेणार आहे. बाबांनी फोनवर विचारलंय, त्या तालींना पावसात पाणी अडतं का ते बघून ये.