लेन्स वाचवायला घेतलेली काच

माझ्या फोटोत दोन चंद्र आहेत. एक वर उजवीकडे, खरोखर होता तिथे. दुसरा खाली डावीकडे, फिकट हिरवट आणि चक्क उलटा. सहा महिने मी कॅमेऱ्याला दोष दिला, लेन्सला दिला, स्वतःच्या थरथरत्या हातालाही दिला. दोषी निघाला तो लेन्सच्या तोंडावर मीच फिरवून बसवलेला यूव्ही फिल्टर, म्हणजे अतिनील किरण अडवणारी गोल काच. नावाजलेल्या कंपनीचा, 'शंभर टक्के ओरिजिनल'.

रक्कम उघड लिहायची लाज वाटते, म्हणून हिशेब असा मांडते. माझ्या ७०-२०० मिमी झूम लेन्सची किंमत १०० धरा. ८२, ७७ आणि ६७ मिमी व्यासाचे तीन फिल्टर एकदम घेतले, त्यात २३ गेले. लेन्स दोनदा दुरुस्तीला पाठवली, प्रत्येक वेळी तपासणीचे ४. अडकलेला एक फिल्टर काढून घ्यायचे ३. एकूण ३४. म्हणजे लेन्स वाचवायच्या नादात एक तृतीयांश लेन्स पाण्यात.

आणि मी नवखी नाही हो. अकरा वर्षं फोटो काढतेय. फिल्टर निम्म्या किमतीत मिळत असता तर मलाही वास आला असता. पण हा बाजारभावापेक्षा फक्त १० टक्के कमी होता. इतकी सूट कोण संशयाने बघतं? विक्रेता फोनवर गोड बोलायचा. "ताई, लेन्स फुटण्यापेक्षा फिल्टर फुटलेला बरा." या एका वाक्यावर तो किती घरं चालवत असेल कोण जाणे. सोबत व्हिडिओ पाठवला: जांभळा टॉर्च, चमकणारा कागद, मध्ये फिल्टर धरला की चमक गायब. मी भारावले. वास्तविक मला माहीत होतं की यूव्हीचा त्रास फिल्मला व्हायचा, लांबचे डोंगर निळसर धुरकट यायचे. डिजिटल सेन्सरच्या पुढे यूव्ही अडवणारी काच आधीच असते. मला हवी होती ती धूळ आणि ओरखडे झेलणारी काच. तिची पारख त्या टॉर्चने होतच नाही, पण हे तेव्हा सुचायला हवं ना.

आता तो क्षण. पार्सल उघडलं, ७७ चा फिल्टर हातात घेतला आणि ट्यूबलाइटखाली तिरपा धरला. काचेत ट्यूब दिसली. पांढरीशुभ्र, लख्ख, कडेपर्यंत रेखीव. शेजारी माझा चेहराही दिसला, केस सुटलेले होते ते मी त्यातच बघून नीट केले! म्हटलं, किती स्वच्छ काच आहे. मल्टीकोटेड, म्हणजे चकाकी कमी करणारे थर चढवलेल्या, काचेत ट्यूब मंद दिसते, हिरवी किंवा जांभळट. हे मी स्वतः दोघा-तिघांना शिकवलंय. बिनकोटिंगच्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग साधारण ४ टक्के प्रकाश परत फेकतो, दोन्ही मिळून ८. चांगल्या कोटिंगवर तो पृष्ठभागामागे अर्ध्या टक्क्याच्याही आत येतो. माझ्या हातात आरसा होता आणि मी त्यात बघून केस सारखे करत होते. रोज रात्री हे आठवतं.

'पितळी' कडं पिसासारखं हलकं होतं. मी मनाची समजूत घातली की स्लिम मॉडेल आहे. आटे फिरवताना दातांखाली खडा यावा तसं करकरलं. म्हटलं, नवीन आहे, रुळेल. दुसऱ्याच दिवशी मी पाच तारे देऊन मोकळी.

मग २०० वर, म्हणजे झूम पूर्ण ताणल्यावर, फोटो मऊ, अस्पष्ट यायला लागले. ७० वर बरे, २०० वर जणू कोणी साय धरलीय. काचेच्या दोन बाजू नीट सपाट नसल्या की लांब फोकल लेंग्थवर, म्हणजे दूरचं जवळ ओढताना, ती चूक मोठी होऊन दिसते. दुरुस्ती केंद्राचा नियम: झाकण, हूड (लेन्सच्या तोंडावरचं पुढे आलेलं कडं), फिल्टर काढून फक्त लेन्स पाठवा. मी इमानदारीत फिल्टर काढून पाठवली. उत्तर आलं, लेन्स उत्तम. परत आल्या आल्या फिल्टर चढवला, फोटो पुन्हा मऊ. पुन्हा पाठवली. पुन्हा 'उत्तम'. दोन वेळा! लेन्स फिल्टरशिवाय ठणठणीत आहे हे पैसे मोजून दोनदा लिहून घेतलं, आणि तरी दिवा पेटला नाही. पेटला तो त्या दोन चंद्रांच्या रात्री, फिल्टर काढून तीच फ्रेम पुन्हा घेतली तेव्हा. एकच चंद्र. सेन्सरवरून उलट गेलेला प्रकाश सपाट फिल्टरवर आपटून परत येतो आणि मध्यबिंदूच्या बरोबर पलीकडे भूत उमटतं. चांगल्या फिल्टरनेही कधी कधी होतं, म्हणून रात्री, दिव्यांसमोर, फिल्टर उतरवाच.

मग डबे नीट पाहिले. तीन मापं, तीन डबे, तिन्हींवर एकच अनुक्रमांक.

तक्रारीची कथा ऐका. विक्री साइट म्हणाली, परत करायची मुदत १० दिवस, ती उलटली. माल नकली असल्याचं कंपनीचं पत्र आणा. कंपनी म्हणाली, क्रमांक आमचा आहे, पण खरेदी अधिकृत विक्रेत्याकडची नसल्याने पत्र देता येत नाही. अधिकृत विक्रेत्याकडून घेतला असता तर पत्र कशाला मागितलं असतं, बाबा? बँक म्हणाली, वस्तू मिळाली ना, मग हा वाद तुमच्यातला. ग्राहक तक्रारीच्या क्रमांकावर नोंद झाली आणि नवव्या दिवशी 'समाधानकारक निराकरण' असा संदेश आला. कोणाचं समाधान, ते लिहिलं नव्हतं. पोलीस ठाण्यात अंमलदाराने फिल्टर उजेडाला धरून आरपार पाहिलं. "काच आहे, गोल आहे, आरपार दिसतंय. फसवणूक कुठे आहे, मॅडम?" मी दोन चंद्र दाखवले. तो म्हणाला, "फोटो छान आलाय." शेजारच्यालाही बोलावून दाखवला.

तुम्ही घेणारच असाल तर ट्यूबलाइटखाली धरा, तिथल्या तिथे. ट्रायपॉडवर फिल्टरसह आणि फिल्टरविना एकेक फ्रेम घ्या, परतीची मुदत संपायच्या आत, माझ्यासारखं सहा महिन्यांनी नव्हे. खारे तुषार किंवा उडणारी वाळू असेल तिथे फिल्टर लावायला माझी ना नाही. काही वेदरसील्ड, म्हणजे पाणी-धूळ आत जाऊ नये म्हणून सील केलेल्या, लेन्सना तर पुढून फिल्टर लावल्यावरच सील पूर्ण होतं, तसं निर्मातेच सांगतात. तिथे साधा क्लिअर प्रोटेक्टर, म्हणजे नुसती पारदर्शक संरक्षक काच, घ्या, पण कोटिंगचा. एरवी हूड लावा. धक्का हूड खातो आणि प्रकाशाला हातही लावत नाही. पुढच्या काचेवरचा बारीक ओरखडा फोटोत बहुधा दिसतच नाही. फुटलेल्या फिल्टरचे तुकडे मात्र त्याच काचेवर घासतात. अडकलेला फिल्टर पकडीने पिळू नका, कड्याभोवती रुंद रबर गुंडाळून हलक्या हाताने फिरवा. मी पिळला. ते ३ त्याचेच.

विक्रेत्याचा फोन लागत नाही, दुकान साइटवर सुरू आहे. माझे पाच ताऱ्यांचे शब्दही तिथेच आहेत: "काच अगदी आरशासारखी स्वच्छ!" बदलायला गेले तर बदलायचीही मुदत संपलेली. खाली ४१ जणांनी ते 'उपयुक्त' ठरवलंय. गेल्या आठवड्यात ३८ होते.