इंग्लंडहून साताऱ्यात एमजीबी जीटी: इंपोर्ट एजंटचा अनुभव

जुनी गाडी बाहेरून मागवायचा विचार असेल तर एजंट निवडताना पहिलं हे बघा, तो टोकन मागायच्या आधी गाडीच्या जन्मतारखेचा कागद मागतो का. आमचे एजंट मुंबईचे. नाव टाकत नाही, कारण खाली तक्रार पण आहे. पण या बाबतीत त्यांना पैकीच्या पैकी मार्क, आणि माझ्या मते एजंटच्या फीचे निम्मे पैसे या एकाच कामाचे असतात.

गाडी म्हणजे १९७४ ची एमजीबी जीटी, एमजी कंपनीची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, क्रोम बंपरवाली, राइट हँड. पूर्वी विंटेज म्हणून आयात लायसन्सशिवाय गाडी आणायची तर ती १९५० च्या आधीची लागायची, त्यामुळे आपल्यासारख्यांनी नुसते फोटो बघायचे. २०२५ मध्ये नियम बदलला, आता बनून ५० वर्षं झालेली गाडी स्वतःच्या वापरासाठी आणता येते, म्हणजे दरवर्षी एकेक साल पुढे सरकत जाणार. पण मेख अशी आहे की वय मोजायचं बनल्याच्या तारखेपासून, आणि इंग्लंडच्या लॉगबुकात, म्हणजे तिकडच्या आरसीत, आपल्याला दिसते ती पहिल्या रजिस्ट्रेशनची तारीख, आणि विकणारा जाहिरातीत त्याला सोयीचं साल टाकतो. एजंटनी सरळ सांगितलं, गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमचं हेरिटेज सर्टिफिकेट येऊ दे, तोवर एक रुपया पाठवायचा नाही. फॅक्टरीच्या जुन्या नोंदींवरून ते देतात, त्यात बनल्याची तारीख, चॅसी नंबर, मूळ इंजिन नंबर, मूळ रंग सगळं येतं. विकणाऱ्यालाच अर्ज करायला लावला. आधी एक दुसरी गाडी पसंत पडली होती, तिचा मालक या कागदाला टाळाटाळ करायला लागला, एजंटनी त्याच दिवशी ती सोडून द्यायला लावली. तेव्हा मला राग आला होता, गाडी दिसायला फार देखणी होती हो, पण त्यांचंच बरोबर होतं.

तपासणी पण चांगली केली. तिकडे दरवर्षीची एमओटी टेस्ट असते, तिचा २००५ पासूनचा इतिहास नंबर टाकला की सरकारी साइटवर फुकट दिसतो. ४० वर्षांवरच्या गाड्यांना आता टेस्टची सक्ती नाही, पण मागच्या नोंदी राहतात. आमच्या गाडीच्या एका जुन्या नोंदीत सिलला गंज असं लिहिलेलं. एमजीबीला वेगळी चॅसी नसते, दाराखालची ती सिलच सगळा भार घेते, तिथे नुसती लांबी भरून रंग मारलेला असेल तर खेळ खल्लास. मग त्यांचा तिकडचा माणूस लोहचुंबक घेऊन गेला आणि दोन्ही बाजूला टोकापासून टोकापर्यंत चुंबक फिरवतानाचा व्हिडिओ पाठवला, सगळीकडे टक टक चिकटत गेलं. तो व्हिडिओ बघून आम्ही हो म्हटलं.

अमेरिकेत याच गाड्या ढिगाने मिळतात, पण त्या लेफ्ट हँड, इकडे रस्त्यावर आणायला वेगळा व्याप. इंग्लंडचीच बघा.

आता तक्रार. ड्युटी गाडीच्या किमतीवर नाही तर किंमत, भाडं आणि इन्शुरन्स मिळून जी रक्कम होते तिच्यावर बसते, आणि ड्युटी टॅक्स सगळं धरलं तर गाडीच्या किमतीपेक्षा जास्त जातं, हे त्यांनी आधीच स्वच्छ सांगितलेलं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण कंटेनर न्हावा शेवाला उतरल्यावरचे खर्च कोटेशनमध्ये एका ओळीत, 'प्रत्यक्ष येईल त्याप्रमाणे'. बिल आलं तेव्हा डिलिव्हरी ऑर्डरचे (माल सोडायचा कागद) वेगळे, कंटेनर यार्डचे वेगळे, हाताळणीचे वेगळे, आणि वर स्टोरेजचे, कारण त्यांच्याच ऑफिसकडून एक कागद उशिरा गेला आणि फुकटचे दिवस संपून गेले. भांडून भांडून स्टोरेजचे अर्धे पैसे कमी केले. अर्धेच का, चूक त्यांची होती तर पूर्ण करायला पाहिजे होते. फोन पण या काळात नीट उचलले नाहीत, पैसे भरायच्या आधी मात्र पहिल्या रिंगला उचलायचे.

गाडी ट्रेलरवरून खंबाटकी उतरून साताऱ्यात आली ती मात्र एक ओरखडा नसलेली. आमच्या मिस्त्रींनी आयुष्यभर ॲम्बेसेडर दुरुस्त केल्यात, त्यांना म्हटलं बापू ही विलायती आहे, जपून. त्यांनी बॉनेट उघडलं, क्षणभर बघितलं आणि म्हणाले, "अरे ही तर आपल्यातलीच." खरंच आहे ते, जुन्या पेट्रोल ॲम्बेसेडरचं १४८९ सीसी आणि हिचं १७९८ सीसी, दोन्ही बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी सिरीजची इंजिनं, म्हणजे चुलत भावंडंच. दोन एसयू कार्बोरेटर त्यांनी पोवई नाक्यावरचा चहा येईपर्यंत खोलून साफ करून ठेवले. पेट्रोलचे रबरी पाइप सगळे बदलायला लावले, आपल्याकडच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलने जुनं रबर फुगतं आणि चिरतं. पुढच्या किंगपिनला, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खिळीला, दर बाजूला तीन ग्रीस निपल (ग्रीस भरायची तोंडं) आहेत, एक तरी बंद असणार म्हणून त्यांनी ग्रीस गन लावून सहाच्या सहा तपासले आणि मगच गाडी खाली घेतली.

रजिस्ट्रेशनला विंटेज गाड्यांचा व्हीए सिरीजचा नंबर मिळतो, नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये आणि १० वर्षांची मुदत. कस्टम्सची बिल ऑफ एंट्री (आयातीची नोंद) आणि इन्शुरन्स लागतो. मात्र रोजच्या वापराला ही गाडी काढता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच. दर रविवारी कासला जायच्या हिशोबाने घेणार असाल तर घेऊ नका.

एजंटना पाचपैकी साडेतीन. सांगलीचा एक मित्र ट्रायम्फची जुनी कार बघतोय, त्याला यांच्याकडेच पाठवलंय, फक्त बंदरावरचा एकेक खर्च आकड्यानिशी कोटेशनमध्ये लिहून घे आणि उशीर त्यांच्यामुळे झाला तर स्टोरेज त्यांचं, हे वाक्य सही करायच्या आधी टाकून घे म्हणून सांगितलंय.