स्लीव्ह ऑपरेशन : होतं नागपुरात, निभावावं लागतं गावात

वजन कमी करण्याच्या ऑपरेशनांपैकी सध्या सर्वात जास्त होतं ते स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. ऑपरेशन म्हणून ते चांगलं आहे, हे आधीच सांगून टाकतो. पोटावर चार-पाच छिद्रं, दुर्बिणीतून दीड-दोन तासांचं काम, दोन-तीन दिवसांत सुट्टी. जिवावर बेतण्याचं प्रमाण हजारात एखादं. पण यातल्या अवघड गोष्टी बहुतेक सुट्टी झाल्यावरच सुरू होतात, आणि एटापल्ली किंवा धारणीच्या माणसाला नागपूर गाठायला पाच-सहा तास लागतात. त्यामुळे विदर्भातल्या खेड्यातल्या पेशंटने हे ऑपरेशन जोखताना थिएटरपेक्षा घरी परतल्यानंतरचे दिवस जास्त तपासावेत.

आधी काम काय होतं ते. तोंडातून जठरात साधारण 12 ते 13 मिलिमीटर जाडीची नळी घालतात, तिच्या कडेने स्टेपलर (कापतानाच बारीक पिनांनी शिवणारं यंत्र) चालवत नेतात आणि जठराचा सुमारे 75 ते 80 टक्के भाग कापून बाहेर काढतात. उरते ती केळ्याच्या आकाराची नळी. टपरीवरच्या एका चहाच्या ग्लासात मावेल एवढंच त्यात मावतं. काढलेल्या भागातच भूक चेतवणारं घ्रेलिन हार्मोन मुख्यतः तयार होतं, म्हणून पोट लहान होण्यासोबत भूकही मंदावते. वर्ष-दीड वर्षात एकूण वजनाच्या 25 ते 30 टक्के वजन उतरतं : 120 किलोचा माणूस 85-90 वर येतो. साखर बऱ्याचदा पहिल्या आठवड्यांतच खाली येते. इन्सुलिन घेणाऱ्याने म्हणूनच जुना डोस चालू ठेवायचा नाही, नाहीतर साखर एकदम पडते. मधुमेहाला दहा-बारा वर्षं झाली असतील तर तो पूर्ण सुटेल ही आशा मात्र कमी ठेवावी. काढलेलं जठर परत बसवता येत नाही, हेही घरात सगळ्यांना माहीत असावं.

सर्वात घातक गडबड म्हणजे स्टेपलच्या शिवणीतून गळती. शंभरात एक-दोघांना होते, आणि बहुधा शिवणीच्या वरच्या टोकाला, जिथे अन्ननलिका जठराला मिळते. तिथला रक्तपुरवठा मुळात बेताचा, आणि अरुंद नळीतला दाब वर चढतो. खाली मधल्या वळणावर नळी जास्त आवळली गेली असेल तर आणखीच. गळती तिसऱ्या दिवशी दिसते तशी दहाव्या दिवशीही दिसते. पोट दुखण्याची वाट पाहू नका. नाडी 120 च्या वर टिकून राहणं, ताप, धाप, डाव्या खांद्यात दुखणं, यातलं काहीही आलं की त्याच दिवशी सीटी स्कॅन हवा. घर लांब असेल तर पहिले दहा दिवस नागपुरातच नातेवाइकाकडे राहावं, हा आमचा ठाम सल्ला. घरात स्वस्तातली का होईना, नाडी मोजणारी बोटाला लावायची क्लिप ठेवावी.

खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुन्याचं घोटलेलं मिश्रण. यावर दवाखान्यात दोन मिनिटंही कोणी बोलत नाही, आणि आपल्याकडे तोच सर्वात मोठा अडसर आहे. तंबाखूतलं निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आकुंचित करतं, मग शिवण भरून यायला रक्त कमी पडतं. ऑपरेशनआधी किमान सहा आठवडे खर्रा पूर्ण बंद, आणि नंतर कायमचा. ते जमत नसेल तर तारीख पुढे ढकला. ऑपरेशनआधी दोन आठवडे कमी पिष्टाचं, भरपूर प्रथिनांचं जेवण देतात, तेही काटेकोर पाळायचं : जठरावर यकृताचा डावा भाग आडवा येतो, तो चरबीने फुगलेला असला तर सर्जनला नीट दिसत नाही आणि हात लागला की रक्त येतं.

गावी परतल्यावर उलट्या सुरू झाल्या की जवळचे डॉक्टर सलाईन लावतात, आणि ते बहुधा ग्लुकोजचं असतं. इथे खरा धोका आहे. अनेक दिवस उलट्या होत असतील तर शरीरातलं बी-1 जीवनसत्त्व संपलेलं असतं. त्यावर आधी ग्लुकोज गेलं तर मेंदूला इजा होते. डोळे हलणं, चालताना झोकांड्या जाणं ही त्याची खूण. बी-1 चं इंजेक्शन आधी, ग्लुकोज नंतर. डायक्लोफेनॅकसारखं वेदनाशामकही नको, अल्सर होतो. पहिल्या काही आठवड्यांत नाकातून पोटात नळी आंधळेपणाने घालू नये. या तीन ओळी आणि सर्जनचा नंबर मराठीत लिहून तो कागद पेशंटच्या खिशात असावा.

पाण्याचं गणित आपल्या उन्हाळ्यात फार कठीण होतं. एका वेळी 30 मिली, दर पंधरा मिनिटांनी, असं करत दिवसाला दीड-दोन लिटर गाठायचं. घटाघटा पिताच येत नाही. चंद्रपूर-अकोल्याचा पारा 45 ला टेकतो तेव्हा हे जमत नाही, म्हणून एप्रिल-मेची तारीख घेऊ नका. सिकलसेलची (तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात त्या आनुवंशिक आजाराची) तपासणी आधी झालीच पाहिजे, गडचिरोली-चंद्रपूरकडे तर नक्कीच. अंगातलं पाणी कमी झालं की त्या पेशंटला क्रायसिस, म्हणजे तीव्र वेदनांचा झटका येतो. वावरातलं ओझ्याचं काम दीड महिना बंद, नाहीतर छिद्राच्या जागी हर्निया.

जेवण दोन आठवडे पातळ, दोन आठवडे मऊ लगदा, मग हळूहळू भाकर. दिवसाला 60 ते 80 ग्रॅम प्रथिनं लागतात आणि एक वाटी वरणात पाच-सहा ग्रॅमच असतात, म्हणजे वरण-भातावर भागत नाही. अंडी, पनीर, दही आणि महिन्याभरानंतर मऊ शिजवलेल्या सोयाबीन वड्या. कोरड्या वड्यांत शंभर ग्रॅमला पन्नास ग्रॅम प्रथिनं, आणि सोयाबीन तर इथलंच पीक. बी-12, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व जन्मभर.

आधीपासून जोरात छातीत जळजळ असेल तर स्लीव्ह घेऊ नका. नळीतला दाब ती वाढवतो. अशांना बायपास बरा (हृदयाचा नव्हे, जठराचा छोटा कप्पा करून तो थेट आतड्याला जोडतात तो). भारतीय डॉक्टर साधारण बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 37.5 ला, किंवा मधुमेह-बीपी असेल तर 32.5 ला ऑपरेशन सुचवतात. पण विम्याची अट वेगळी : बीएमआय 40, किंवा 35 सोबत अनियंत्रित मधुमेह, हृदयविकार किंवा झोपेतला गंभीर श्वासरोध. मधल्या पेशंटला खिशातून भरावं लागतं. पॅकेज विचारताना स्टेपलच्या किती कार्ट्रिज (स्टेपलरमध्ये भरायच्या पिनांच्या पट्ट्या) धरल्या आहेत ते लेखी घ्या. साधारण पाच-सहा लागतात, बिल तिथेच फुगतं.

तरुण बायांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. वजन उतरलं की थांबलेली पाळी परत येते आणि दिवस लवकर राहतात. पहिलं वर्ष-दीड वर्ष मूल नको, कारण त्या काळात आईच्याच अंगात काही उरत नाही. तांबीची सोय ऑपरेशनच्या आधीच करून घ्या.