गच्चीवरच्या बागेचं बी: दुकानातलं, ऑनलाइन, गावरान की विद्यापीठाचं?

रोहिणी लागल्या की गच्चीवर भाजी करणाऱ्यांच्या ग्रुपवर एकच विषय सुरू होतो: यंदा बी कुठून? माती, शेणखत, निंबोळी पेंड, ठिबक हे सगळ्यांचं आता पाठ झालंय. संकरित म्हणजे दोन वेगळ्या वाणांच्या संकरातून दरवेळी नव्याने केलेलं बी, आणि सरळ वाण म्हणजे ज्याचं बी धरलं तर पुढची पिढीही तशीच येते, एवढं लक्षात ठेवून पुढे जातो. वाटा चारच आहेत. गावातलं किंवा मार्केट यार्डाजवळचं कृषी सेवा केंद्र, ऑनलाइन मिळणारी छोटी पाकिटं, गावरान बी जपणाऱ्या बाया, आणि कृषी विद्यापीठं नि संशोधन संस्था. चारही ठिकाणचं बी माझ्या गच्चीवर लागून गेलंय. गच्ची पुण्यातली आहे, दिवसभर उन्हाची. कोकणात किंवा विदर्भात हिशोब थोडा वेगळा निघेल, तेवढी सूट ठेवून वाचा.

कृषी सेवा केंद्रापासून सुरुवात करू, कारण बी उगवण्याच्या बाबतीत त्याला तोड नाही. शेतकरी उगवलं नाही तर पाकीट घेऊन भांडायला येतो, हे दुकानदाराला ठाऊक असतं. माल फिरता राहतो, ताजा असतो. पाकिटावर वाणाचं नाव, लॉट नंबर, चाचणीची तारीख, उगवणशक्ती, शुद्धता सगळं छापलेलं. प्रमाणित बियाण्याला किमान उगवण टोमॅटो, वांग्याला 70 टक्के, भेंडीला 65, मिरचीला 60 लागते, आणि चांगल्या कंपन्यांचं संकरित बी माझ्याकडे याच्या बरंच वर उगवत आलंय. बी गुलाबी किंवा लाल दिसलं तर ते औषध लावलेलं आहे. लहान मुलांच्या हाती देऊ नका, आणि उरलं तर चुकूनही स्वयंपाकघरात ठेवू नका.

अडचण आकाराची. काउंटरवर पहिला प्रश्न येतो, "क्षेत्र किती?" आपण "गच्ची" म्हटलं की पलीकडचा माणूस हसतो, पण चांगल्या मनाने हसतो. टोमॅटोच्या 10 ग्रॅमच्या पाकिटात साधारण 3000 बिया येतात. गच्चीवर दहा झाडं झाली तरी शेजाऱ्यांना टोमॅटो वाटायची वेळ येते. उरलेलं बी घट्ट डबीत, फ्रीजमध्ये ठेवलं तर टोमॅटो तीन-चार वर्षं निघतो; कांद्याचं मात्र पुढच्या हंगामाला धड उगवत नाही. दुसरी गोष्ट चवीची. नारायणगावच्या बाजारातून क्रेटमध्ये भरून लांब जाणाऱ्या टोमॅटोला जाड साल लागते, आणि तोडाही एकदम यावा लागतो. आपल्याला दोन्ही नको असतं. आपल्याला रोजच्या आमटीपुरते तीन हवे असतात, तेही चार महिने.

ऑनलाइन पाकिटांनी हा आकाराचा प्रश्न सोडवला, हे मान्य करायलाच हवं. वीस-पंचवीस बिया, घरपोच, रात्री अकरा वाजता मागवल्या तरी चालतं. लेट्यूस, बेसिल, झुकिनी, चेरी टोमॅटो असलं काही हवं असेल तर दुसरीकडे कुठे जाणार? त्यासाठी मी आजही तिथेच जातो. निळ्या स्ट्रॉबेरीचं आणि सप्तरंगी गुलाबाचं बी विकणारे सोडून द्या, ते कुणाला कळत नाही असं नाही. "चाळीस भाज्यांचा कॉम्बो" हा प्रकार मात्र भल्याभल्यांना मोहात पाडतो. त्यात फ्लॉवर, ब्रोकोली, गाजर असं हिवाळ्याचं निम्मं सामान मे महिन्यात घरी येऊन पडतं.

पण माझं मन जिथून उठलं ती गोष्ट वेगळीच, आणि काहींना ती क्षुल्लकही वाटेल. एका हंगामात अशाच पाकिटातला टोमॅटो फार छान आला. पातळ साल, जरा आंबट, सार करायला नंबर एक. वेल वाढत गेला आणि थंडी संपेपर्यंत थोडे थोडे टोमॅटो देत राहिला. पुढच्या वर्षी तोच हवा म्हणून जपून ठेवलेलं पाकीट काढलं. पुढच्या बाजूला फोटो आणि "टोमॅटो, लाल, संकरित". मागच्या बाजूला ऊन किती, पाणी किती, "वर्षभर लावता येते", पॅकिंगची तारीख. वाणाचं नाव कुठेच नाही. त्याच विक्रेत्याकडून, तोच फोटो बघून पुन्हा मागवलं, तर या वेळी बुटकी झाडं आली, गोल गरगरीत कडक टोमॅटो, सगळे पंधरवड्यात पिकून मोकळे. विचारलं तर उत्तर आलं, "सर, प्रॉडक्ट सेम आहे." वाईट होते असं नाही म्हणणार, दुसरेच होते.

झाड वाढणारं की बुटकं, वेलाचं की झुडपाचं, थंडीचं की बारमाही, हे सगळं वाणाच्या नावाला बांधलेलं असतं. कधी पेरलं, कधी फूल लागलं, भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) कुठल्या आठवड्यात आली, कुठल्या झाडाने पांढऱ्या माशीला दाद दिली नाही, अशा नोंदी मी वहीत ठेवतो. नाव नसलेल्या बियांच्या नोंदी पुढच्या वर्षी कशाला लावायच्या? दरवर्षी पहिलीपासून सुरुवात. हाच प्रकार घेवड्याचा: पाकिटावर नुसतं "फ्रेंच बीन". काठ्या लावायच्या की नाही, ते झाडाने वर चढायला सुरुवात केल्यावर समजतं. सगळेच ऑनलाइन विक्रेते असे नाहीत, नावं नीट छापणारेही भेटलेत. मागवण्याआधी त्या वस्तूचं पान पुरतं वाचा. तिथे वाणाचं नाव नसेल तर पाकिटावरही नसणार असं धरून चाला.

गावरान बियांबद्दल लिहिताना मन जरा हळवं होतं, म्हणून आधीच सांगतो की चवीत त्यांना मी पहिला नंबर देतो. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली, आणि तेव्हापासून शहरातही गावरान वाल, घेवडा, दोडका, डांगर यांची चौकशी वाढली. बीज महोत्सवांत, बचत गटांच्या स्टॉलवर, नाहीतर गावाकडच्या मावशीकडून हे बी मिळतं. जिने ते बी स्वतः लावलं, राखलं, तिच्याकडून घेतलं तर पाकीट लागतच नाही. ती सांगते, "हा उंच जातो, मांडव लागंल. लवकर लावून उपयोग नाही, दिवाळीशिवाय शेंग धरत नाही." एवढी माहिती छापील पाकिटांवर क्वचितच असते.

दिवाळीचं ते अगदी खरं आहे. जुने गावरान वाल-पावटे दिवस लहान झाल्याशिवाय फुलावर येत नाहीत. जूनमध्ये लावा की ऑगस्टमध्ये, फूल तेव्हाच. शेताच्या बांधाला त्याने काही बिघडत नाही. गच्चीवर मात्र एक अख्खा ड्रम चार-पाच महिने नुसत्या पानांनी अडवून ठेवला जातो, आणि त्या ड्रममध्ये दोन वेळा भेंडी निघाली असती असा हिशोब डोक्यात फिरत राहतो. मी आता वाल ऑगस्टच्या मध्यावर लावतो आणि कठड्यावर सोडतो.

खरी गोची तिसऱ्या हातातून आलेल्या बियांची. वर्तमानपत्राच्या पुडीत "गावरान भेंडी" एवढंच लिहून आलेलं बी कुठल्या गावचं, कधी धरलेलं, शेजारी काय लावलेलं होतं, कोणी सांगू शकत नाही. म्हणजे पाकिटाचं दुखणं इथेही आहेच, फक्त गोड माणसाकडून आल्यामुळे रागावता येत नाही. अशा बियांतल्या दहा ओल्या फडक्यात गुंडाळून तीन-चार दिवस बघा. सहांना तरी मोड आले नाहीत तर त्यावर वाफा अडवू नका. शेंगवर्गीय बियांत बारीक गोल भोकं दिसली तर त्यांना भुंगा लागलेला आहे. आणि दुधी, दोडका, काकडी घरच्या बियांची असेल तर शिजवण्याआधी कच्चा तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर सरळ टाका. वेलवर्गीयांत एकाच भाजीचे गोड-कडू वाण फार सहज एकमेकांत मिसळतात, आणि कडू दुधी खाऊन माणसं दवाखान्यात गेलेली आहेत.

राहिली विद्यापीठं. राहुरीचं महात्मा फुले, परभणीचं वसंतराव नाईक, दापोली, अकोला, आणि राज्याबाहेरची म्हणाल तर बंगळुरूजवळ हेसरघट्ट्याची बागवानी संस्था, जिच्या वाणांच्या नावात "अर्का" असतं. दिल्लीची "पुसा" संस्था तर सगळ्यांना माहीत. इथले सरळ वाण गच्चीवाल्यांच्या नजरेत सहसा भरत नाहीत, कारण त्यांची जाहिरात कोणी करत नाही. पाकीट रेशनच्या पावतीइतकंच देखणं. फोटो असला तर फिका, बऱ्याचदा नसतोच.

पण नाव असतं. फुले ज्योती म्हटलं की मिरच्या घोसाने लागणार. पुसा ज्वाला म्हटलं की लांब, बारीक, सुरकुतलेली, तिखट. अर्का कोमल हा घेवडा झुडपासारखा राहणार, काठी शोधायला नको. पुसा चेतकी मुळा उन्हाळ्या-पावसाळ्यातही चालतो, दीड महिन्यात हातात येतो. थंडीचे मुळे त्या दिवसांत लावले तर धड पोसत नाहीत. भेंडीत परभणी क्रांती आणि अर्का अनामिका हे दोन्ही वाण केवड्याला (पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या विषाणू रोगाला) तोंड देता यावं म्हणून रानभेंडीशी संकर करून, मग पुढे निवड करत तयार केलेले. आता त्यांचा तो कस पूर्वीइतका राहिला नाही अशी तक्रार शेतकऱ्यांकडून ऐकू येते, आणि माझ्याकडेही उशिराच्या पेरणीत पानांच्या शिरा पिवळ्या पडलेली झाडं दिसतात. तरी जूनच्या पेरणीची भेंडी मला त्यापूर्वी पुरेशी देऊन जाते.

दुसरा फायदा, बी घरी धरता येतं. टोमॅटो स्वतःतच फळतो, दुसऱ्या झाडाचे पराग लागत नाहीत. प्रमाणित बियाण्यासाठीसुद्धा दोन वाणांत 25 मीटर अंतर पुरतं. भेंडीला 200 मीटर लागतं, म्हणजे शेजारच्या सोसायटीतली भेंडीही मोजावी लागेल. त्यावर साधा उपाय आहे. उद्या उमलणारी कळी संध्याकाळी ओळखू येते, टोक सैल होऊन पिवळा रंग डोकावतो. तिला तेव्हाच दोऱ्याने अलगद बांधायची, उमलू द्यायची नाही, आणि त्या देठाला रंगीत लोकर अडकवून ती शेंग झाडावर वाळेपर्यंत सोडायची. दोन शेंगांत पुढच्या वर्षीची बेगमी होते. संकरित बियांबाबत हा खटाटोप फुकट, पुढची पिढी वाट्टेल तशी निघते.

त्रास इथेही आहेत. खरिपाच्या तोंडावर विद्यापीठांत गर्दी असते ती सोयाबीन आणि तुरीच्या बियाण्यासाठी; परभणीला 18 मेच्या खरीप मेळाव्याला गेलात तर दोन मिरच्यांच्या पुड्या मागताना संकोच वाटेल. भाजीचं बी असेलच असंही नाही, आधी फोन केलेला बरा. हेसरघट्ट्याचं ऑनलाइन पोर्टल आहे, बी घरी येतं, पण हवा तो वाण "उपलब्ध नाही" असं पुष्कळदा दिसतं. मागवल्यापासून हाती पडेपर्यंत दोन आठवडे धरा. आणि लेट्यूस वगैरे विसरा.

घाई असेल, पहिलंच वर्ष असेल, किंवा उगवलं नाही तर मुलं हिरमुसतील अशी परिस्थिती असेल, तर कृषी केंद्रातून एक पाकीट चौघांत मिळून घ्या, त्यात काही कमीपणा नाही. टोमॅटोच्या बाबतीत मी स्वतःही हट्ट सोडलाय. पानं वळवणारा विषाणू माझ्या भागात इतका आहे की सरळ वाण टिकवणं जिकिरीचं होतं; तिथे मी अर्का रक्षक लावतो. तो संकरित आहे, पण पानं वळणं, मर आणि करपा या तिन्ही रोगांना बऱ्यापैकी दाद देत नाही, आणि नाव माहीत असल्याने पुन्हा तोच मागवता येतो. वाल, डांगर, चवळी गावरान, तेही ओळखीच्या हातून. भेंडी, मिरची, मुळा, पालक, घेवडा विद्यापीठाचं. परदेशी पालेभाज्या ऑनलाइन. कोणाला चारातलं एकच दार निवडायचं असेल तर मी विद्यापीठाच्या बाजूने थोडा झुकेन; थोडासाच, पण झुकेन.

यंदा मागवणार असाल तर पोर्टल एप्रिलअखेरपासून बघत राहा आणि भेंडी-मिरची आधी उचला, तीच लवकर संपतात. मिरचीचं रोप तयार व्हायला पाच-सहा आठवडे जातात, तेव्हा तिचं बी मेच्या पहिल्या आठवड्यात हाती हवं. भेंडी मृगाचा पहिला चांगला पाऊस झाल्यावर थेट ड्रममध्ये टोचली तरी चालते. धने पेरण्याआधी लाटण्याने हलके रगडून दोन फाका करा, आणि तेवढ्यासाठी पाकीट घेऊ नका. वाण्याकडचे नवे धने पुरतात.